जुनं सोन्याचं स्केलेटन क्रोनोग्राफ घेताना आधी कोपरे बघा
स्केलेटन क्रोनोग्राफ म्हणजे आतलं यंत्र दिसावं म्हणून कोरून मोकळं केलेलं, स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. सोन्याकडे नंतर वळा. दहापट भिंगाखाली यंत्राच्या कोरलेल्या पट्ट्या बघा. दोन तिरक्या कडा आतल्या बाजूला जिथे मिळतात, तिथे टोकदार कोन असेल तर ते कानशीचं हातकाम. फिरत्या हत्याराने तो कोपरा गोलसरच राहतो. मला तरी हीच सगळ्यात भरवशाची खूण वाटते, आणि ती बघताना कारागिराच्या चिकाटीने मन भरून येतं.

मग वरच्या बटणाने स्टॉपवॉचचा काटा चालू करा, थांबवा, आणि थांबल्यावरच खालचं बटण दाबा. काटा नेमका बारावर यायला हवा.

स्विस घड्याळाच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या सोन्याच्या कवचावर, हेल्वेशिया या स्वित्झर्लंडच्या प्रतीक-स्त्रीच्या मुखाचा शिक्का म्हणजे १८ कॅरेट, खारीचा म्हणजे १४. सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा शिक्का १९९५ पासूनचा.