शाब्दिक उदाहरणे शिकवताना मोबाइलचा उपयोग कसा करावा

पहिली ते तिसरीच्या मुलांसमोर शाब्दिक उदाहरण आले की अनेकांचा पहिला प्रश्न असतो, "बेरीज करायची की वजाबाकी?" पुढचे उदाहरण पाहा. मीराजवळ ८ चिंचोके आहेत. समीरपेक्षा तिच्याजवळ ३ कमी आहेत. तर समीरजवळ किती? 'कमी' हा शब्द ऐकताच मूल ८ मधून ३ वजा करून ५ सांगते. वजाबाकी अचूक असते, पण समीरजवळ ११ चिंचोके आहेत, हे निसटून जाते.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे मांडले: समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि उत्तराकडे पुन्हा पाहणे. मुलांसाठीची बरीच ॲप केवळ तिसऱ्या टप्प्याचा सराव देतात. माझ्या मते मोबाइल वापरावा तो उरलेल्या तीन टप्प्यांसाठी. आकडेमोड बोटांवर, गणितमाळेवर किंवा पाटीवरच होऊ द्यावी.

सुरुवातीला उदाहरणातील संख्या काढून टाका आणि ते घरच्या बोलीत, मग ती मालवणी असो वा अहिराणी, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा: "मीराजवळ काही चिंचोके आहेत, समीरपेक्षा थोडे कमी आहेत." मुलाला ते हवे तितक्या वेळा ऐकू द्या आणि एवढेच विचारा की जास्त चिंचोके कोणाजवळ आहेत. ज्या मुलाला अजून सलग वाचता येत नाही, त्याची अडचण पुष्कळदा वाचनाची असते, गणिताची नसते. ऐकण्याची सोय झाली की हा फरक लगेच कळतो. त्यानंतर तीच गोष्ट मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावी आणि तीही मुद्रित करावी.

योजना आखताना आधी खरे चिंचोके मांडा, पडद्यावरचे चित्र त्यानंतर. चित्र काढण्याच्या कोणत्याही साध्या ॲपमध्ये मीरासाठी एक आणि तिच्याखाली समीरसाठी दुसरी आडवी पट्टी काढायला सांगा. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून रुळलेली ही रीत आहे. येथे पडदा कागदापेक्षा उपयोगी ठरतो, कारण चुकीची पट्टी खाडाखोड न करता पुसता येते आणि मूल न घाबरता पुन्हा प्रयत्न करते. समीरची पट्टी लांब काढली गेली की बेरीज का करायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. हातच्याच्या बेरजेसाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाची मोफत साधने पाहावीत. त्यांतील दहाचा गट करण्याच्या साधनात २८ आणि ७ मिळवताना ७ मधले २ सुटे करून २८ ला जोडता येतात आणि ३० व ५ समोर दिसतात.

उत्तर आल्यावर ते चूक की बरोबर हे सांगण्याची घाई करू नका. "समीरजवळ ५ आणि मीराजवळ ८, मग कमी कोणाजवळ?" असे विचारून पहिले ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवा; विसंगती मुलालाच सापडते, आणि स्वतः शोधलेली चूक ते सहसा विसरत नाही. सोडवण्याची पद्धत सांगतानाचे छोटे चित्रीकरणही करावे, मात्र कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता हातांवर आणि पाटीवर ठेवावा. वर्गात एकच मोबाइल असेल, तर तीन निरनिराळ्या पाट्यांची छायाचित्रे काढून त्यांवर मुलांना बोलते करता येते.

नवे ॲप मुलाच्या हाती देण्यापूर्वी त्यात मुद्दाम चुकीचे उत्तर भरून पाहा. लाल फुली दाखवून ते थेट बरोबर उत्तर देत असेल, तर ते टाळावे. घड्याळ लावून घाई करणारी, मधेच जाहिराती दाखवणारी आणि उदाहरणाचे छायाचित्र घेऊन उत्तर देणारी ॲपही या वयात नकोत.

एका बैठकीत एक-दोन उदाहरणे पुरेत. ती जमू लागली की घरातील डब्याचे किंवा भाजीच्या टोपलीचे छायाचित्र मुलालाच काढू द्या आणि त्यावरून असे उदाहरण तयार करायला सांगा, ज्यात 'कमी' हा शब्द येईल पण बेरीज करावी लागेल.