डिझेलमध्ये इथेनॉल मिसळताय? या चुका टाळा

पेट्रोल ई-२० (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं) झाल्यापासून इंदूरच्या देवास नाक्यावरच्या माझ्या पंप-नोझलच्या दुकानात एक प्रश्न सारखा येतो : ‘काका, डिझेलमध्येही थोडं स्पिरिट, म्हणजे इथेनॉल, घातलं तर काय बिघडतं?’ बरंच बिघडतं. ते आधी ओळखता येतं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेट्रोलचा हिशेब डिझेलला लावणं. पेट्रोलमध्ये इथेनॉल सहज विरघळतं, डिझेलमध्ये ते नाखुशीनेच राहतं. पारा १० अंशांच्या आसपास आला की दोघं वेगळे होऊ लागतात. पाण्याचा अंश असेल तर त्याच्या बरंच आधी. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेवढ्या गार असतातच. मी काचेच्या बाटलीत नऊ भाग डिझेल आणि एक भाग निर्जल इथेनॉल घेऊन बूच घट्ट लावलं आणि बाटली रात्रभर गच्चीवर ठेवली. संध्याकाळी नितळ दिसणारं मिश्रण सकाळी दुधाळ झालं होतं आणि थोड्या वेळाने वर पातळ थर धरला.

थर वर धरला, हे लक्षात घ्या. कोरडं इथेनॉल डिझेलपेक्षा हलकं असतं, म्हणून वॉटर सेपरेटरच्या तळाची चावी सोडून ते हाती लागत नाही. टाकी भरलेली असताना गाडी छान चालते आणि तळाला आली की तो थर एकदम पंपात जातो. गाडी मिसिंग मारते, बंद पडते. मिस्त्री फिल्टर बदलतो, हवा काढतो, नोझल खोलतो, टाकीत मात्र कुणी डोकावत नाही. स्पिरिटमध्ये पाणी जास्त असेल तर उलटं होतं : तो थर जड होऊन खाली बसतो आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच त्रास देतो. म्हणून टाकीच्या वरून आणि तळातून असे दोन नमुने दोन बाटल्यांत घ्या. निम्मं निदान तिथेच होतं.

सकाळी उशिरा स्टार्ट, पांढरा धूर आणि ठोकण्याचा आवाज हे तिन्ही एकत्र दिसले तर सीटेन (इंधन किती चटकन पेटतं त्याचं माप) कमी पडल्याचा संशय घ्या. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेलचा सीटेन क्रमांक किमान ५१ असावा लागतो. इथेनॉलचा दहाच्याही खाली. शिवाय वाफ होताना ते डिझेलच्या तिप्पट उष्णता ओढून घेतं, त्यामुळे गार सिलिंडर आणखी गार पडतो.

ताकद कमी वाटली म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू नका. लिटरमागे इथेनॉलमध्ये डिझेलच्या साठ टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा असते, त्यामुळे पिकअप थोडा उतरणारच. पुढच्या वेळी शुद्ध डिझेल भरलंत की तोच स्क्रू काळा धूर काढतो आणि इंजिन तापवतो.

पंपाचं नुकसान हळूहळू होतं. प्लंजर (पंपातला दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यामध्ये मायक्रॉनभर फट असते आणि तिथलं वंगण म्हणजे डिझेलच. इथेनॉल पातळ, त्यात वंगणपणा कमी. सांवेरकडच्या एका ट्रॅक्टरचा प्लंजर उजेडात फिरवला तेव्हा उभ्या रेघा नखाला लागत होत्या. थंडीत डिझेलमध्ये थोडं पेट्रोल घालायची जुनी सवयही आता सोडा. त्या पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल आहे.

आणि आग. यावर मी भांडायलाही तयार आहे. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते तापमान, १३ अंशांच्या आसपास. बंद टाकीत पेट्रोलची वाफ एरवी इतकी दाट असते की पेट घेत नाही, डिझेलची इतकी विरळ असते की पेट घेत नाही. इथेनॉलची वाफ आपल्याकडच्या रोजच्या तापमानात नेमकी पेटण्याजोगी असते. डिझेलच्या सवयीने उघड्या कॅनमध्ये साठवण, टाकीजवळ वेल्डिंग, हातात बिडी, हे चालणार नाही.

२०२५ मध्ये नितीन गडकरी यांनीही सांगितलं की डिझेलमध्ये १० टक्के इथेनॉलचा प्रयोग यशस्वी झाला नाही आणि आता आयसोब्युटेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलवर काम चालू आहे. ते डिझेलमध्ये जास्त चांगलं मिसळतं. पण ते काम प्रयोगशाळेचं आहे, आपल्या कॅनचं नाही.

टाकीत मिश्रण गेलंच असेल तर गाडी स्टार्ट करू नका. टाकी मोकळ्या हवेत रिकामी करा, लाईन शुद्ध डिझेलने धुवा, फिल्टर बदला. काढलेलं मिश्रण पेट्रोल समजून धातूच्या बंद कॅनमध्ये, सावलीत, चुलीपासून लांब ठेवा.