यात्रांच्या हंगामात बकऱ्याच्या फुफ्फुसातील पाणगाठीकडे लक्ष द्या

फाल्गुन-चैत्रात कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, कागल, हातकणंगले भागात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि दारात बकरे कापले जाते. या वेळी फुफ्फुस व काळीज नीट पाहावे. सुपारीपासून लिंबाएवढी, पांढुरक्या जाड सालीची, आत स्वच्छ पाणी असलेली गाठ आढळली, तर ती फोडू नये आणि तो भाग समोर बसलेल्या कुत्र्याला मुळीच घालू नये. ही गाठ म्हणजे फीतकृमीची (फितीसारख्या चपट्या जंताची) अळी असते. कच्ची गाठ खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यात साधारण दीड महिन्यात 3 ते 6 मिलिमीटर लांबीचे जंत तयार होतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून चारा, पालेभाजी व पाण्यात मिसळतात. माणसाला हा पाणगाठीचा (हायडॅटिड) रोग मटणातून होत नाही, तर ही अंडी पोटात गेल्याने होतो. त्यामुळे कळपाच्या कुत्र्यांसोबत राहणारे धनगर बांधव आणि कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवायला बसणारे मूल यांची मला अधिक काळजी वाटते.

माणसात गाठ बहुधा यकृतात, त्याखालोखाल फुफ्फुसात होते आणि अनेक वर्षे कळत नाही. पुढे खोकला, छातीत दुखणे, धाप, थुंकीत रक्त अशी लक्षणे दिसतात, म्हणून क्षयरोगाचा संशय येतो. खोकताना अचानक खारट पाणी किंवा द्राक्षाच्या सालीसारखे तुकडे पडले, तर गाठ फुटली असे समजून तातडीने रुग्णालय गाठावे, कारण तीव्र ॲलर्जीने जिवाला धोका होऊ शकतो. निदान एक्स-रे व सीटी स्कॅनने होते. यकृतासाठी पोटाची सोनोग्राफीही करावी. रक्ततपासणी निर्दोष आली तरी रोग नाही असे ठरत नाही. डॉक्टरांना घरच्या कुत्र्या-मेंढ्यांविषयी आवर्जून सांगावे.

फुफ्फुसातील गाठीवर मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. अल्बेंडाझोल हे जंताचे औषध दिले जाते, पण मोठी गाठ त्याने फुटू शकते. म्हणून जनावरांसाठी आणलेले जंताचे औषध स्वतः कधीही घेऊ नये.

गाठीचे अवयव अर्धा तास उकळावेत किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल पुरावेत. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्यावे. या औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवून त्याची विष्ठा हातमोजे घालून गोळा करावी व जाळावी.