धामणगाव ते ग्रीन गेट: विदर्भातून मुंबईच्या क्रूझला रेल्वेनं कसं जावं

आमच्या गावातून क्रूझला गेलेली पहिली माणसं म्हणजे माझी आई आणि मावशी. जहाजावर भाकर भेटते का, पोटात ढवळलं तर काय घ्यायचं, लुगडं चालतं का, यावर घरी दोन महिने खल झाला. मुंबईत उतरल्यावर स्टेशनावरून बंदरावर कसं जायचं, हे कोणी विचारलंच नाही. "टॅक्सी करायची, त्यात काय," एवढ्यावर विषय संपला. टॅक्सीवाल्यानं दोघींना नेऊन उतरवलं भाऊच्या धक्क्यावर. थोड्या वेळानं मावशीचा फोन: "काहून रे बाप्पा, इथं तं मासोयाचा बजार हाय. जहाज कुठीच दिसून नाही रायलं!"

दोघी सकाळी सातलाच मुंबईत पोचल्या होत्या, म्हणून निभावलं. तेव्हापासून गावात कोणीही बोटीचं तिकीट काढलं की मी त्याला बसवून पुढचं सगळं सांगतो.

१. रेल्वेचं तिकीट काढण्याआधी बोटीचा कागद वाचा

कागदावर तीन गोष्टी शोधा: बोट कुठून सुटते, प्रवाशांना कोणत्या वेळात बोलावलंय आणि काउंटर कधी बंद होतं. बोट सुटायची वेळ मोठ्या अक्षरात असते, पण आपल्या कामाची वेळ तिसरी. काउंटर जहाज हलायच्या बरंच आधी बंद होतं, आणि एकदा बंद झालं की समोर उभं असलेलं जहाजही आपलं नसतं. त्या वेळेपासून उलटं मोजत या, मग गाडी ठरवा.

मुंबईच्या मोठ्या क्रूझ बॅलार्ड पिअर या धक्क्यावरून सुटतात (ग्रीन गेट म्हणजे तिथल्या गोदीचं दार). तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ला झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनची ७२ काउंटरं, एका वेळी ५ जहाजं लागतील एवढी जागा. आपल्याला त्याहून महत्त्वाचं हे, की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, म्हणजे सीएसएमटीपासून, ते जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. विदर्भातली गाडी जिथं संपते, तिथून हाकेच्या अंतरावर.

हा निव्वळ योगायोग नाही. मुंबईहून निघालेला रुळ १८६७ साली नागपूरला पोचला, तेव्हा वऱ्हाडातला कापूस बंदरावर नेणं हे त्याचं एक मोठं काम होतं. आपल्याकडच्या गाठी याच मार्गानं गोदीत जाऊन विलायतेला चढल्या. पुढं तर बॅलार्ड पिअरवर बोटीला लागूनच 'मोल स्टेशन' होतं. विलायतेहून आलेला साहेब जहाजातून उतरून थेट गाडीत बसे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात तिथूनच सुटे. ते स्टेशन १९४४ला बंद झालं. साहेबाची सोय गेली आणि आपल्या वाट्याला दीड किलोमीटर आला. सगळा घोळ त्याच दीड किलोमीटरात होतो.

२. गाडी अशी निवडा की ती सीएसएमटीलाच जाईल

गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस (१२१०६) आपल्या खेड्यापाड्यांच्या सर्वांत कामाची. भंडारा रोड, नागपूर, वर्धा, पुलगाव, धामणगाव, चांदूर, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव असं करत ती सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला लागते. अमरावतीकरांना अमरावती-मुंबई एक्सप्रेस (१२११२) आहे, तीही सकाळी पोचवते. नागपूरची दुरांतो वेगवान खरी, पण पुलगाव-चांदूरच्या माणसाला ती उलट दिशेनं नागपूर गाठून पकडावी लागते. सेवाग्राम एक्सप्रेस चांगली गाडी आहे, मात्र ती मुंबईत दुपारकडं पोचते. बोटीच्या दिवशी तिच्यावर विसंबू नका.

काही गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. तिथून चालत टिळकनगर स्टेशन गाठून हार्बर लोकलनं सीएसएमटीला जाता येतं. पण सकाळी नऊला, दोन बॅगा आणि गुडघे दुखणारी आत्या सोबत असताना? सीएसएमटीचं तिकीट मिळत असेल तर हा खटाटोप नको.

त्याच सकाळी पोचावं की आदल्या दिवशी? पावसाळा असेल तर आदल्याच दिवशी. कसारा घाटात दरड आली किंवा कल्याणच्या पुढं रुळांवर पाणी साचलं, की गाडी जिथल्या तिथं उभी राहते. दिवाळी ते उन्हाळा या काळात काउंटर दुपारी दोननंतर बंद होणार असेल, तर सकाळच्या गाडीचा धोका मी पत्करतो. पाच-सहा तास हाताशी राहतात. म्हातारी माणसं किंवा लहान पोट्टे सोबत असतील, तर मात्र मी लॉजचा खर्च करतो.

३. तिकीट

आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४पूर्वी ते १२० दिवस होतं. बोटीचं बुकिंग लोक चार-चार महिने आधी करतात आणि रेल्वेचं विसरून जातात. साठावा दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. दिवाळीच्या सुट्ट्यांत पहिल्याच दिवशी सकाळी आठला बसावं लागतं.

धामणगाव किंवा चांदूरवरून वेटिंग दाखवत असेल, तर नागपूर ते सीएसएमटी पाहा. लहान स्टेशनांचा कोटा अनेकदा तोकडा असतो. नागपूरचं तिकीट काढून 'बोर्डिंग स्टेशन' धामणगाव टाकायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण जागा पक्की होते. बोर्डिंग बदलायला मात्र विसरायचं नाही. नागपूरला तुम्ही दिसला नाहीत, तर तुमचा बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो.

तत्काळच्या भरवशावर बोट बुक करू नका. एसीचं आदल्या दिवशी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, आणि जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी लागते. तालुक्याला नेट गेलं की बसा मग हात चोळत.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, लोअर बर्थचा कोटा मात्र आहे. फॉर्म भरताना वय खरं टाका. आमच्याकडं एका काकूंनी लाजेखातर पाच वर्षं कमी टाकली आणि वरच्या बर्थवर चढताना सगळ्या डब्याला खरं वय सांगितलं.

४. गाव ते स्टेशन

यवतमाळ जिल्ह्यातल्या बऱ्याच लोकांना अजून धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठावंच लागतं. शेवटची एसटी धरू नका, तिच्या आधीची धरा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत. आधार कार्ड हाताशी ठेवा, पुढं बोटीवरही तेच लागणार आहे.

डबा तिखटमिठाच्या पुऱ्यांचा आणि सांबारवडीचा (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) न्या. शेगावला कचोरी येते, ती खायचीच असते, त्यात सल्ला देण्यासारखं काही नाही.

५. सकाळी

इगतपुरीला गाडी थांबते. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायची ती जागा. तिथं उठून तोंड धुऊन घ्या, नंतर संडासापुढं रांग लागते. कल्याण, ठाणे, दादर करत अर्धा डबा रिकामा होतो. सगळे उतरतात म्हणून आपणही दादरला उतरायचं नाही. बसून राहा, गाडी शेवटाला जाते.

६. मधले पाच तास

सातला पोचलात आणि बोटीनं बाराला बोलावलंय. सीएसएमटीला सामान ठेवायची क्लोकरूम आहे, पण बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. दोन छोटी कुलपं घरूनच न्या. रिटायरिंग रूम हवी असेल तर आधी ऑनलाइन घ्यावी लागते. आंघोळ, कपडे वेटिंग रूममध्ये उरकतात.

मग बाहेर येऊन स्टेशन नुसतं बघा. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत २००४पासून जागतिक वारसा यादीत आहे. शेजारी जीपीओ, म्हणजे मोठं पोस्ट आहे, विजापूरच्या गोलघुमटासारखा घुमट असलेलं. आईला स्टेशनाच्या भिंतीवरचे दगडी मोर आणि पानंफुलं इतकी आवडली की जहाजाचे फोटो कमी आणि तेच जास्त निघाले.

७. शेवटचा दीड किलोमीटर

इथं सावकाश वाचा.

लांब पल्ल्याच्या गाड्या स्टेशनाच्या पूर्वेकडच्या फलाटांवर लागतात. गर्दी समोरच्या, महापालिकेच्या बाजूला वाहत जाते. तुम्ही १८ नंबरच्या फलाटाकडून पी. डिमेलो रस्त्यावर बाहेर पडा. (डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचे पुढारी, रस्ता गोदीच्या कडेनं जातो, तेव्हा नाव बरोबर जागी आहे.) बंदर याच अंगाला आहे.

ऑटो शोधू नका. दक्षिण मुंबईत ऑटोला परवानगीच नाही, काळी-पिवळी टॅक्सीच करावी लागते. तिचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५पासून ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरचं. म्हणजे मीटरनं गेलात तर फार झालं तर पन्नासच्या आत. एवढ्याशा भाड्याला टॅक्सीवाले नाकं मुरडतात आणि बॅगा पाहून दोनशे-तीनशे मागतात. मी काय करतो, तर स्टेशनच्या तोंडाशी भाव करत बसत नाही; थोडं पुढं जाऊन चालती टॅक्सी थांबवतो, मीटर टाकायला सांगतो आणि उतरताना वर वीस रुपये देतो. अॅपवरची गाडीही चालते.

आता बोलायचं काय? "क्रूझला जायचंय" एवढंच म्हणू नका, "बोटीवर सोडा" तर मुळीच नको. मुंबईत बोटी तीन ठिकाणी: गेटवेवरून एलिफंटाच्या, भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसच्या लाँच आणि मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट), आणि आपली बॅलार्ड पिअरला. आईनं "बोटीचा धक्का" म्हटलं आणि त्या भल्या माणसानं धक्क्यावर सोडलं. त्याची तरी काय चूक? म्हणायचं असं: "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल." तिन्ही शब्द, याच क्रमानं. चिठ्ठीवर लिहून ठेवा. यलो गेट नावाचंही एक आहे आणि ते उत्तरेकडं बरंच लांब, तेव्हा रंग चुकवू नका. तुमच्या कागदावर वेगळं गेट दिलं असेल तर अर्थात तेच सांगा.

रस्ता बरोबर आहे का, हे खिडकीतून कळतं. रुंद, सावलीचे, शांत रस्ते आणि दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या दगडी इमारती दिसल्या, तर तुम्ही बॅलार्ड इस्टेटमध्ये आहात. मासळीचा वास आला तर टॅक्सी थांबवा.

चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाठीवर एकच पिशवी असेल तर जरूर चाला.

८. गेटवर

गोदीच्या दारात सीआयएसएफचे जवान कागद पाहतात. देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटीला आधारसारखं मूळ ओळखपत्र लागतं. परदेशी बंदराला जाणार असाल तर पासपोर्ट, तोही सहा महिने तरी वैध. वेब चेक-इन घरूनच करून कागद छापून न्या. फोनची बॅटरी रात्रभराच्या प्रवासात संपलेली असते.

मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या लागून त्या वेगळ्या जातात आणि खोलीत उशिरा येतात. म्हणून गोळ्या, चष्मा, कागद आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. सुरी, कात्री, इस्त्री, दारूची बाटली निघाली की काढून घेतात. आमच्या आईच्या पिशवीतून स्कॅनरवर पितळी अडकित्ता दिसला. पोरगेल्या जवानानं तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "माताजी, ये क्या काटता है?" आईनं सुपारी काढून करून दाखवलं. तो हसला, पण अडकित्ता जमा झाला तो झालाच. चिठ्ठी मिळाली, परतताना हातात आला. खऱ्याची (सुपारी-तंबाखूची) पन्नी असेल तर ती गाडीतच संपवा, किंवा खर्रा सोडायची हीच वेळ.

९. परत येताना

बोट बहुधा सकाळी लागते, पण उतरायला दुपार होऊ शकते. दुपारी तीनच्या सुमाराची सेवाग्राम गाठायचा मोह टाळा. संध्याकाळी सातच्या सुमारास विदर्भ, आठच्या सुमारास अमरावती, या दोन बिनघोर.

दुरांतो घेणार असाल तर एक खोच आहे. ती सीएसएमटीहून रात्री १२:१५ला सुटते. रविवारी बोटीतून उतरून रविवारी रात्री निघायचं, तर तिकीट सोमवारच्या तारखेचं हवं. रविवारचं काढलंत, तर तुम्ही समुद्रात असतानाच गाडी गेलेली असते. ही चूक करणारी शिकली-सवरलेली माणसं मी पाहिली आहेत.

टर्मिनलच्या बाहेर टॅक्सीला सांगायचं, "सीएसएमटी, मेन लाइन." आणि विदर्भनं येत असाल तर बडनेरा गेलं की उठून चपला घाला, बॅगा दाराशी आणा. धामणगावला गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते, आणि चार दिवस बोटीवर झोपलेल्या माणसाला तेवढ्यात जाग येत नाही.