एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही : जोडप्यांनो, या चुका टाळा

हडपसरच्या एका ताईंनी पर्समधून घडी घातलेला रिपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. यजमान पॉझिटिव्ह, त्या निगेटिव्ह. ‘म्हणजे मला आता होणार नाही ना?’ समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी सारखा ऐकते. निगेटिव्ह रिपोर्ट तपासणीपर्यंतचंच सांगतो, तेही पूर्ण नाही. लागण झाल्यावर ती तपासणीत दिसायला काही आठवडे जातात. त्यामुळे शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायचीच.

त्याच ताईंच्या घरी ताट-पेला वेगळा ठेवलाय. जेवणातून, मिठीतून एचआयव्ही पसरत नाही. ताट वेगळं आणि कंडोम नाही, हे मात्र मी बऱ्याच घरांत पाहिलंय, आणि जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक गोळ्यांची. बरं वाटलं, वजन वाढलं, की गोळी सुटते. गावी लग्नाला गेले आणि डबी पुण्यातच राहिली, असंही होतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या या गोळ्या, रोज घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मिलिलिटरला २०० च्या खाली टिकला, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. लवकर उपचार घेतल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे २०११ साली ज्या नऊ देशांतल्या अभ्यासातून कळलं, त्यात आपल्या भोसरीच्या ‘नारी’ (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, तेव्हाचं नाव) संस्थेकडची जोडपीही होती. मला याचं फार अप्रूप आहे. पण भरवसा व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ठेवायचा, चेहऱ्यावरच्या तजेल्यावर नाही. गोळ्या सुरू होऊन साधारण सहा महिने झाले नसतील किंवा मध्ये खंड पडला असेल, तर पुढचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम हवाच.

कंडोमबरोबर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका. लेटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारं जेल मिळतं, ते घ्या. एकावर एक दोन घालू नका, घर्षणाने फाटतात. गाडीच्या डिकीत उन्हात तापलेलं पाकीट तर टाकूनच द्या.

आणि कंडोम फाटलाच तर? ‘सोमवारी बघू’ म्हणू नका. ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, ससूनसारख्या एआरटी केंद्रात जाऊन डॉक्टरांना पीईपीबद्दल, म्हणजे अशा संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्यांबद्दल, विचारा. या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. रात्री-अपरात्री काही सुचत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन लावा, तो मोफत आहे.