ग्लुकोज सेन्सरचं मॉडेल बसवताना या चुका टाळा

प्लॅटिनम इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर, सुमारे ०.६५ व्होल्ट आणि काही नॅनोअँपिअर करंट. अशा सेन्सरला मायकेलिस-मेंटेनचं समीकरण (ग्लुकोज वाढेल तसा करंट वाढून शेवटी सपाट होतो, हे सांगणारं) लावलं की वक्र बहुधा छान बसतो. फसगत होते ती नॉइजपाशी, म्हणजे रीडिंगमधल्या नको त्या चढउतारांपाशी.

करंटचा व्यस्त घेऊन सरळ रेष काढू नका. २ आणि ४० नॅनोअँपिअर अशा दोन्ही रीडिंगमध्ये त्रुटी ०.२ नॅनोअँपिअरच असली, तरी व्यस्त घेतल्यावर पहिल्याची त्रुटी दुसऱ्याच्या ४०० पट होते. सर्वांत कच्चा बिंदूच मग रेष ठरवतो. मूळ वक्र थेट नॉन-लिनिअर पद्धतीने बसवा आणि प्रत्येक बिंदूला त्याच्या व्हेरिअन्सच्या (त्रुटीच्या वर्गाच्या सरासरीच्या) व्यस्त प्रमाणात वजन द्या.

आलेली केएम (करंट कमाल करंटच्या निम्मा होतो ती ग्लुकोजची मात्रा) एन्झाइमची स्वतःची समजू नका. एन्झाइमवरच्या पडद्यातून ग्लुकोजचं होणारं विसरण (डिफ्यूजन) ती फुगवतं. उलट एन्झाइमच्या क्रियेला लागणारा ऑक्सिजन कमी पडला की वक्र लवकर सपाट होतो, कारण हवेशी समतोल असलेल्या बफरमध्ये २५ अंशांना तो जेमतेम ०.२५ मिलिमोलर असतो आणि ग्लुकोज ५ किंवा १०! ढवळण्याचा वेग वाढवून करंट वाढतो का ते पाहा. वाढला, तर विसरणाचं पद मॉडेलमध्ये हवंच. मोजमाप केएमच्या निम्म्यावरच थांबलं, तर केएम आणि कमाल करंट वेगळे काढता येत नाहीत. भरवसा फक्त त्यांच्या गुणोत्तराचा.

सर्वांत फसवी चूक सॅम्पलिंगची. सेकंदाला १० रीडिंग घेताय आणि विजेची फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी ४९.९५ हर्ट्झ आहे, तर तिची गुणगुण डेटात २० सेकंदांची संथ लाट होऊन उतरते. ती हुबेहूब ड्रिफ्टसारखी (सेन्सरचं रीडिंग हळूहळू सरकावं तशी) दिसते, आणि एन्झाइम मरतंय असा निष्कर्ष निघतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून ती वेगळी काढता येत नाही. सॅम्पलिंगच्या आधीच लो-पास फिल्टर (जलद चढउतार अडवणारा) लावा, एडीसीचा (सिग्नलचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरचा) इंटिग्रेशन काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, वायर आखूड आणि शील्ड केलेल्या घ्या.

१०० रीडिंगची सरासरी घेतली की नॉइज १० पट घटतो, हे रीडिंग एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरं. ड्रिफ्ट आणि फ्लिकर नॉइजला (कमी फ्रिक्वेन्सीला वाढत जाणाऱ्या नॉइजला) ते लागू नाही. म्हणून किमान शोधमर्यादेसाठी (३ सिग्मा भागिले उतार) सिग्मा, म्हणजे रीडिंगचं प्रमाण विचलन, एकाच ब्लँकच्या (ग्लुकोज नसलेल्या नमुन्याच्या) सलग रीडिंगवरून काढू नका. निदान १० ब्लँक वेगवेगळे तयार करून मोजा, जमल्यास वेगवेगळ्या दिवशी.