बोटाला कळलेला वाफसा

माझं पहिलं टोमॅटोचं रोप मी लाड करून करून मारलं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, पानं जराशी मलूल दिसली की आणखी तांब्याभर. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली, शेंड्याने मान टाकली आणि मला वाटलं, बिचारं तहानलंय! शेवटी उपटलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल निसटून आली आणि मागे दोऱ्यासारखा धागा उरला. मातीत पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मग समोर असलेलं पाणीही त्यांना ओढता येत नाही. म्हणून बुडालेलं रोप वरून तहानलेल्यासारखंच दिसतं.

घरी भाजी लावायची म्हणून कुणी विचारायला आलं की बी, खत, कुंडी या गोष्टी मी मागे ठेवते. आधी वाफसा. माती धड ओली नाही, धड कोरडी नाही, अशी ती अवस्था. मूठभर माती दाबली की लाडू वळतो आणि बोटाने टोचलं की फुटतो. कुंडीत एवढा खटाटोप नको. बोट दोन पेरं आत घालायचं. ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तर तळाच्या भोकांतून वाहीपर्यंत घालायचं. थोडं थोडं शिंपडत बसलं तर मुळं वरच्या वर राहतात. आणि भर दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच धावायचं नाही. बोटाला ओल लागत असेल तर उन्हं उतरली की बहुतेक वेळा ती आपली आपण सावरतात. पहिला महिना हे हात बांधून बसणं फार जड जातं, हे खरं.

माझी उतावीळ तिथेच थांबली नव्हती. मिरची पेरली आणि आठव्या दिवशी माती उकरून पाहिली. बियाला पांढरी शेपटी फुटलेली होती. माझ्या नखाने ती तुटली. मिरचीला उगवायला दोन-तीन आठवडेही लागतात, गारठ्यात त्याहून जास्त. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरायचं आणि हात मागे घ्यायचा. कोथिंबिरीचं वेगळंच, तिथे अख्ख्या धण्यात दोन बिया असतात, म्हणून तो हलका रगडून फोडून पेरतात. दाट उगवली तर विरळणी कात्रीने करा. उपटायला गेलं की शेजारच्याची मुळंही हलतात. रोपं उंच, बारीक आणि फिकी होत असतील तर खत घालू नका, त्यांना ऊन कमी पडतंय. फळभाज्यांना रोज सहा तास तरी थेट ऊन हवं.

धीर आला तो काकडीमुळे. वेलीला पिवळी फुलं लागली आणि दोन दिवसांत एकेक करून गळू लागली. आधीची मी असते तर लगेच काहीतरी फवारलं असतं. यावेळी फूल उलटं करून पाहिलं. देठ बारीक, सरळ. सगळी नर फुलं! ती बहुधा आधी येतात आणि काम झालं की गळतात. आठवड्याभराने एका फुलामागे करंगळीच्या नखाएवढी, लव असलेली काकडी दिसली. ही मादी. सकाळी ती उमलली तेव्हा एक नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढल्या आणि मधला परागांचा भाग तिच्या मध्यावर हलकेच टेकवला. चार दिवसांनी काकडी बोटभर झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला न विचारता मला कळलं होतं की काय चाललंय.

अर्थात मिरचीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला तेव्हा पानावरची काळी-नारिंगी, काटेरी अळी मी आधी चिरडली होती. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची निघाली, मावा खाणारी. आता आधी दोन दिवस बघते, मग पाण्याच्या जोरदार धारेने मावा उडवते, पानांच्या खालच्या बाजूनेही. हौसेने घेतलेली अर्धी अवजारं धूळ खात पडली आहेत. उपयोगी पडली ती वही. काय पेरलं, कधी उगवलं, पाणी कधी घातलं, बस.

गेल्या मोसमात टोमॅटोच्या फळांच्या बुडाला काळे, दबलेले डाग आले. वही काढली. चार दिवस घरी नव्हते आणि परतल्यावर अपराधी वाटून धो धो पाणी घातलं होतं. पाणी असं अनियमित झालं की मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोचत नाही, म्हणून हे डाग. औषध आणलं नाही. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घातलं आणि बोट घालून पाण्याची पाळी सांभाळली. वरच्या घोसाला डाग आला नाही. खालची तीन फळं, काळा भाग कापून, त्याच संध्याकाळी आमटीत गेली.